फळ्याची डावी बाजू

वऱ्हाडातल्या आमच्या कारंज्यात घरटी एक पोर आता पुण्यात आहे. त्यामुळे पुण्याचं प्रवासवर्णन लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच. पर्वती, सिंहगड, तुळशीबाग सगळ्यांनी पाहिलेली आहे. मी त्यातलं काहीच पाहिलं नाही. आठवडाभर एका थंडगार खोलीत बसून मी फळा पाहिला. तरी लिहितो आहे, कारण इतका थक्क होऊन मी आजवर कुठूनच परतलो नव्हतो. आणि त्या आठवड्यात मला एक गोष्ट कबूल करावी लागली. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे शोधत बसायला नको.

माझी मुलगी मीनल भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली, तेव्हा तिला एका संशोधन संस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. अतिवाहक, म्हणजे ज्यांतून वीज जराही अडथळा न होता वाहते असे पदार्थ, यांच्या सिद्धान्तावर तिला काम करायचं होतं. तिच्या आईने मुलाखतीसाठी साडीही काढून ठेवली होती. मीनलने मला विचारलं, "बाबा, जाऊ ना?" मी हाच विषय वीसेक वर्षं कॉलेजात शिकवणारा माणूस. मी म्हणालो, "त्यात आता काही उरलं नाही बेटा. सगळं सोडवून झालंय. त्यापेक्षा कॉम्प्युटरचं कर."

ती गेली नाही. मी सांगितलं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं.

रविवार, कर्वेनगर

निमित्त सरकारी होतं. वरची वेतनश्रेणी हवी तर रिफ्रेशर कोर्स लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातल्या एका संस्थेने कॉलेजच्या मास्तरांसाठी वर्ग ठेवला होता आणि प्राचार्यांनी माझं नाव परस्पर पाठवलं होतं. विषय मी दोनदा वाचला: उच्च तापमानाच्या अतिवाहकांतले इलेक्ट्रॉन कसे वागतात, त्याची सैद्धान्तिक प्रारूपं. म्हणजे नेमकं तेच, ज्याच्यात काही उरलेलं नाही असं मी घरात सांगितलं होतं.

एस.टी.तून उतरून आधी मीनलकडे गेलो. कर्वेनगरात एका सोसायटीच्या वरच्या मजल्यावर ती आणि आणखी दोन मुली राहतात. खाली घरमालकीण आगाशेबाई दारातच उभ्या.

"आपण मीनलचे वडील का?"

"हो."

"बरं. चपला इथे काढा. नळाचं पाणी सातला जातं. कुणाचे वडील आलेत ते पाण्याला कळत नाही."

आमच्याकडे भाडेकरूचा बाप आला तर घरमालक आधी पाटावर बसवतो, मग नाव विचारतो. मी मनातल्या मनात पुण्याला नावं ठेवत जिना चढलो. तासाभराने खालून पन्ह्याचा तांब्या वर आला, निरोपासकट: "तांब्या घासून परत पाठवा." पन्हं मात्र असं, की मी दोनदा घेतलं.

जेवायला वरण होतं. त्यात गूळ. मी मीनलकडे पाहिलं.

"मी नाही टाकला," ती हसली. "सोबतच्या सायलीनं टाकलाय, ती सांगलीची. सांगली आणि पुणे, दोघांचं एकमत झालं की वऱ्हाडाचं कोण ऐकतं?"

मग तिने बातमी सांगितली. तिच्या कंपनीत जुन्या प्रोग्रॅममधली सालं दुरुस्त करायचं काम चालतं. जिथे सालाचे दोनच आकडे आहेत तिथे चार करायचे, नाहीतर दोन हजार साल उजाडल्यावर कॉम्प्युटरला ते एकोणीसशे वाटेल. त्याच कामासाठी कंपनी तिला अमेरिकेला पाठवत होती. त्याआधी तीन वर्षांच्या बाँडवर सही करायची होती, शनिवारी.

"करू ना बाबा सही? तुम्ही म्हणाल तसं."

तिच्या आवाजात आनंद असायला हवा होता. तो तिने आणला होता, पण आणलेला कळत होता.

"करायला काय हरकत आहे," मी म्हणालो आणि भात मागितला.

सोमवार

वर्गात माझ्या शेजारी शेख सर बसले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कॅम्पातलं, शिकवतात लोणी काळभोरच्या एका कॉलेजात. माझी ओळख करून घेताना म्हणाले, "वानखडे? वऱ्हाडातले? वा. मग आमची मिसळ खाऊन रडला असाल."

"तर्री नव्हती म्हणून," मी म्हणालो. तिथून आमची दोस्ती झाली.

वर्ग घेणाऱ्या आठल्ये मॅडम माझ्याच वयाच्या असतील. बारीक चणीच्या, पांढरी सुती साडी, खांद्यावर कायम खडूची धूळ. त्यांनी काही न बोलता टेबलावर थर्मोकोलची वाटी ठेवली. तिच्यात एक काळी चकती, करपलेल्या थालीपिठाचा तुकडा वाटावा अशी. वरून द्रवरूप नायट्रोजन ओतला. पांढरी वाफ टेबलावरून ओघळून आमच्या पायांशी आली. मॅडमनी प्लॅस्टिकच्या चिमट्याने तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा चुंबक उचलला, चकतीच्या वर नेला आणि सोडला.

तो पडला नाही. हवेत राहिला.

मॅडमनी त्याच्याखालून कागदाची पट्टी या बाजूने घालून त्या बाजूने काढली. बोटाने टिचकी मारली, तसा तो जागच्या जागी गरगर फिरायला लागला आणि फिरतच राहिला. हे चित्र मी वीस वर्षं फळ्यावर काढतो आहे, डोळे मिटून काढता येईल इतकं पाठ. पण चित्रातला चुंबक स्थिर असतो. खरा थोडा थरथरतो, जिवंत असल्यासारखा. ते मला माहीत नव्हतं.

"आणि याला उच्च तापमान म्हणतात," शेख सर कुजबुजले. "आमची आमटी ऐकेल तर लाजेल."

मॅडमनी ते ऐकलं. "बरोबर आहे तुमचं. पण पूर्वीच्या अतिवाहकांना याच्याहून खूप जास्त गारठा लागायचा. त्यांच्या मानाने ही चकती उन्हात बसलीय." मग खडू हातात घेऊन म्हणाल्या, "चुंबक का तरंगतो ते आपल्याला माहीत आहे. या चकतीत इलेक्ट्रॉन इतक्या वरच्या तापमानाला जोड्या का जुळवतात, ते पूर्णपणे कुणालाच माहीत नाही. मलाही नाही."

किती वाजले ते सांगावं इतक्या सहज त्यांनी हे सांगितलं. मी खाली पाहिलं. वाटीतला नायट्रोजन संपत आला होता. चुंबक हळूहळू खाली आला आणि चकतीला टेकला.

मग त्यांनी फळ्याच्या डाव्या कडेला एक उभी रेघ मारली. त्या संस्थेतली ही पद्धत आहे, मी आणखी कुठे पाहिलेली नाही. बोलणाऱ्याने आधी रेघेच्या डावीकडे आपण काय काय सोडून दिलं ते लिहायचं. मग उजवीकडे सिद्धान्त. उजवीकडचं हवं तेव्हा पुसा. डावीकडचं व्याख्यान संपेपर्यंत पुसायचं नाही. आणि कुणीही, अगदी कुणीही, मध्येच उठून विचारू शकतं: हे का सोडलं?

मॅडमनी लिहिलं: ऑक्सिजनचे अणू. वरचे आणि खालचे थर. अणूंचं हलणं. लांबच्या इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवरचा जोर. यादी वाढत गेली. मला वाटलं, आता उरलं काय? उजवीकडे उरले ते रांगोळीचे असतात तसे ठिपके, ओळीखाली ओळ, आणि दोन अक्षरं, टी आणि यू.

"शाळेतली कवायत आठवा," त्या म्हणाल्या. "मैदानावर चुन्याचे ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर एक पोर. हे आपले इलेक्ट्रॉन, आणि ठिपके म्हणजे तांब्याचे अणू. शेजारच्या ठिपक्यावर उडी मारायची खुमखुमी म्हणजे टी. पण एका ठिपक्यावर दोघं आले तर हाणामारी, ती यू. सगळे ठिपके भरलेले आहेत. सांगा, काय होईल?"

"कुणीच हलणार नाही," मागून कुणी तरी म्हणालं.

"बरोबर. जुनी पुस्तकं म्हणतात, या पदार्थातून वीज वाहायला हवी. वाहत नाही. सगळे अडकून उभे. आणि उभे कसे? एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे, आलटून पालटून. आता यातली थोडी पोरं घरी पाठवा. जागा रिकाम्या झाल्या, शेजारचे सरकायला लागले. आणि या सरकासरकीत, भांडखोर म्हणून ज्यांना वेगळं उभं केलं तीच पोरं जोडीजोडीने फिरायला लागतात. का?"

त्यांनी एक चित्र काढलं. एकटा सरकत गेला की त्याच्या मागे तोंडांची शिस्त बिघडते. दुसरा त्याच वाटेने गेला की ती पुन्हा लागते, म्हणून दोघं बरोबर. सुरेख! मी भराभर उतरवून घेतलं. तेवढ्यात मॅडमनी ते हाताने पुसून टाकलं.

"चित्र गोड आहे. म्हणूनच सावध राहा. बिघडलेली शिस्त आपोआपही लागते, तिला दुसऱ्याची गरज पडतेच असं नाही. मी या चित्रात काही वर्षं घालवलीत."

आणि मग जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ठिपके एकाच ओळीत असतील तर हे गणित पुरतं सुटतं. जाळीत मांडले की सुटत नाही. दोनच अक्षरं, पोरांना कळेल असा नियम, आणि सुटत नाही. कॉम्प्युटरला द्यावं तर प्रत्येक नव्या ठिपक्यागणिक शक्यता चौपट होतात. बुद्धिबळाच्या पटावर जितकी घरं, तितके ठिपके घेतले तर पृथ्वीवरच्या वाळूचे कणही त्या शक्यतांपुढे कमी पडतील. आणि मॅडमच्या टेबलावरच्या त्या करपलेल्या तुकड्याने ते गणित आमच्यासमोर, वाफ जायच्या आत, सोडवून दाखवलं होतं.

बुधवार

बुधवारी मास्तरांनी शिकवायचं होतं. माझ्याकडे जुन्या अतिवाहकांचा सिद्धान्त आला, तो मला तोंडपाठ आहे. मी फळ्यापाशी गेलो आणि सुरू केलं. माझा आवाज चांगला आहे. कारंज्यात गणपतीच्या कार्यक्रमांचं निवेदन मीच करतो. अणूंच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशा जुळतात ते मी असं सांगितलं, की दोघातिघांनी माना डोलावल्या.

"छान," आठल्ये मॅडम म्हणाल्या. "पण सर, डावी बाजू कोरी आहे."

मी रेघ मारली. खडू रेघेच्या डावीकडे नेला आणि थांबलो. काय सोडलंय? मी पुस्तकातलं पान पाठ केलं होतं. पुस्तकाने काय सोडलं हे पुस्तकाने सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

वीस वर्षांत फळ्यासमोर उभं राहून हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. छत कोसळलं नाही. कुणी हसलंही नाही.

"मग इथूनच सुरू करू," मॅडम म्हणाल्या, आणि उरलेला तास आम्ही सगळ्यांनी मिळून ती डावी बाजू भरली. दुसऱ्या टोकाला बसलेल्या गडचिरोलीच्या एका बाईंनी असा प्रश्न काढला, की मॅडमनी स्वतः तो वहीत उतरवून घेतला. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास होता, आणि तो मी घेतलेला नव्हता.

संस्थेने दिलेल्या खोलीवर आलो. मी मीनलला का अडवलं? लोकांना वाटेल, पगारासाठी किंवा पोरगी लांब जाईल म्हणून. स्वतःलाही मी हेच सांगत आलो. खरं ते वेगळं होतं. ती या विषयात गेली असती तर एखाद्या दिवाळीत घरी येऊन तिने मला सहज काही तरी विचारलं असतं, आणि तिचा बाप आतून पोकळ आहे हे तिला कळलं असतं. मला त्याची भीती होती. बाकी कशाची नाही.

गुरुवार, मांजरीच्या रस्त्याने

दुपारी सुट्टी होती. शेख सर म्हणाले, "चला, आमचं लोणी दाखवतो. पुणेकर हडपसरच्या पुढे गाव मानतच नाहीत." त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. मांजरीपाशी रस्त्याच्या एका अंगाला नव्या इमारती, बांबूंच्या परांचीत उभ्या. दुसऱ्या अंगाला नजर पोचेपर्यंत ऊस. शेख सरांनी स्कूटर थांबवली. वारा आला आणि त्या सबंध उसावरून एक लाट पार टोकापर्यंत गेली. एकेक ऊस वीतभरसुद्धा हलला नसेल. लाट मात्र केवढी!

"एक ऊस घरी नेऊन कितीही सोलला," मी म्हणालो, "तरी ही लाट त्यात सापडायची नाही."

"आठल्येबाईंचा वर्ग अंगात चढला तुमच्या," शेख सर म्हणाले. "आता सांगा, चार दिवस चेहरा एवढा पडलेला का?"

मी सांगितलं. सगळं. शेवटी म्हणालो, "उद्या मॅडमचं सगळ्यांसाठी खुलं व्याख्यान आहे. मीनलला बोलावलंय. मॅडम स्वतःच सांगतील, काहीच सुटलेलं नाही म्हणून. तिला कळेल."

शेख सरांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. "वा, वानखडेसाहेब. खोटं आपण बोलायचं आणि खरं मॅडमनी. कामाची वाटणी झकास आहे."



शुक्रवार

मीनल ऑफिसातून परस्पर आली. गळ्यात कंपनीचा बिल्ला, डोळ्यांखाली काळं. संस्थेच्या फाटकासमोर रसवंती आहे. मी म्हटलं, "आधी रस घेऊ." चरकाचे घुंगरू वाजत होते. पेले आले, आणि मी घुंगरांच्या आवाजातच बोलून टाकलं. मुलाखतीच्या वेळी खोटं बोललो. त्या विषयात उरलंय, सगळंच उरलंय, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. मग कारण सांगितलं. ते सांगणं जास्त जड गेलं.

ती पेल्याकडे पाहत होती. पुण्यात आल्यापासून ती पुणेरी बोलते. त्या क्षणी तिची वऱ्हाडी बाहेर आली.

"काऊन बाबा?" ती म्हणाली. एवढंच. कारण मी नुकतंच सांगितलं होतं, तरी प्रश्न उरलाच.

तिने पेला खाली ठेवला. "रस संपवा. उशीर होतोय."

सभागृहात ती माझ्याजवळ बसली नाही. दोन रांगा पुढे, कडेच्या खुर्चीवर बसली. मॅडमनी डावीकडे रेघ मारली, यादी लिहिली, चुंबक तरंगवला. सगळं सभागृह 'हा' म्हणालं. मी मीनलची पाठ पाहत होतो. व्याख्यानाच्या मध्येच ती उठली.

"मॅडम, डावीकडे तुम्ही अणूंचं हलणं सोडलंय. जुन्या सिद्धान्तात तर जोड्या त्याच्यामुळेच जुळतात. मग इथे ते सोडून चालतं हे कशावरून?"

"कशावरून चालतं?" मॅडमनी खडू खाली ठेवला. "काही पुरावे आहेत, ते सांगते. पण त्यावर अजून भांडणं चालू आहेत, आणि मी चुकीच्या बाजूला असू शकते. आपण काय करता?"

मीनलने गळ्यातल्या बिल्ल्याला हात लावला. "दोनाचे चार करते," ती म्हणाली.

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "व्याख्यानानंतर भेटा," त्या म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी ती मला एस.टी. स्टँडवर सोडायला आली. ती येईल असं मी धरलंच नव्हतं. तिच्या पिशवीत आगाशेबाईंनी दिलेल्या साखरांब्याची बरणी होती, "बरणी परत पाठवा" या निरोपासह. गाडी लागलेली होती. सहीचं तीच बोलली.

"सही नाही केली."

"माझ्यामुळे जर—"

"तुमच्यामुळे नाही. तुमच्यामुळे तर करणार होते."

कंडक्टरने घंटी मारून पाहिली.

"मॅडम म्हणाल्या, मध्ये वर्षं गेलीत, गणित गंजलं असेल. डिसेंबरात संशोधनाची प्रवेशपरीक्षा आहे, दे. घेईन असं म्हणाल्या नाहीत." तिने बरणी माझ्या हातात दिली. "नोकरी चालू ठेवून अभ्यास करायचाय. जमेल का, माहीत नाही."

माहीत नाही. आठवडाभरात हे शब्द मी कितीदा ऐकले, एकदा बोललोही. पण तिच्या तोंडून ऐकताना मला वाटीतल्या वाफेवर थरथरणारा तो चुंबक आठवला. मी चढलो. खिडकीशी बसलो तेव्हा ती खाली उभी होती.

"बाबा, आईला सांगितलंत?"

"काय?"

"तिला अजून वाटतं, मीच नाही म्हटलं. साडी काढून ठेवली आणि पोरगी गेली नाही, म्हणून वर्षभर माझ्याशी धड बोलली नव्हती ती. आठवतं?"

मला आठवत होतं. ते वर्षभर मी त्याच घरात होतो. गाडी हलली, तिने हात केला नाही, पण गाडी वळेपर्यंत ती तिथून हललीही नाही.

रविवारी सकाळी कारंज्याला पोचलो तेव्हा मीनलची आई, सुमन, अंगणात कुरडया वाळवत होती. "काय म्हणते मीनल? जाते ना अमेरिकेला? आणि पुण्यात काय काय पाहिलं?"

"सांगतो," मी म्हणालो. "पण त्याआधी एक राहिलेलं सांगतो. बस."

ती बसली नाही. हाताला चिकटलेला चीक काढत तिने उभ्यानेच सगळं ऐकलं. माझं झाल्यावर ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"साडीची घडी तशीच आहे," ती आतूनच म्हणाली. "मोडली नव्हती मी."